आत घेतलेला कोट

टेलरमास्तरांच्या दुकानात पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्याला त्यांचा थोडा रागच येई. समोरचा माणूस बोलत असे आणि मास्तर त्याच्या तोंडाकडे न बघता खांद्यांकडे बघत राहत. कुणी म्हणे, शिष्ट आहेत. कुणी म्हणे, कानांनी अधू असावेत. खरी गोष्ट अशी, की मास्तरांना माणसं खांद्यांवरूनच ओळखू येत. रस्त्याच्या पलीकडून कुणी पाठमोरं चाललेलं असलं, तरी मशीनवरून मान वर करून ते म्हणत, "डावा खांदा उतरता. दंतवैद्यांचा थोरला." चेहरा मात्र चारदा पाहूनही लक्षात राहत नसे. त्यांची बायको दुकानातच खिडकीपाशी बसून काज-बटणं आणि तुरपाई करी. ती गिऱ्हाइकांना सांगायची, "लग्नानंतर कितीतरी दिवस हे मला मागूनच ओळखायचे. समोर आले की गोंधळायचे बिचारे."

मास्तरांचा हातखंडा कोटाचा. दूरच्या मोठ्या शहरात एक जुनं, नावाजलेलं कॉलेज होतं. तिथे शिकणाऱ्यांना गडद हिरवा कोट लागे आणि त्याच्या खिशावर कॉलेजचं चिन्ह. दरवर्षी गावातली एखाद-दोन मुलं तिथे जात आणि कोटासाठी मास्तरांकडे येत. आईबाप अशा ऐटीत आत शिरत, की कोट पोराला नसून त्यांनाच शिवायचा आहे. मास्तर टेप लावता लावता त्यांच्या गप्पा ऐकत. असा एक कोट आपल्या घरात शिवायचा, ही इच्छा त्यांनी कुणाला बोलून दाखवली नव्हती. पण हिरव्या कापडाचे उरलेले तुकडे ते चिंध्यांत न टाकता घडी घालून वरच्या फळीवर ठेवत, आणि बायकोला तेवढं पुरेसं होतं.

घरात लेक एकच. एका जागी ठरत नसे म्हणून तिला भिंगरी म्हणत. जेवताना बोले, जिना उतरताना बोले, झोपेतसुद्धा बोले. शाळा संपल्यावर ती आईबरोबर राज्य विद्यापीठ बघायला गेली. बसने जाऊन संध्याकाळी परत येता येईल इतकंच ते लांब. परत आली ती गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन.

"बाबा, तिथे वनस्पतिशास्त्राच्या इमारतीमागे तळं आहे! मॅडम स्वतः पाण्यात उतरतात. मलाही उतरवलं. आणि मेसमध्ये गेले ना, तर मुलींनी सरकून लगेच जागा दिली. ओळख ना पाळख!"

"आधी पाय धू," मास्तर म्हणाले. "मग ओळख सांग."

भिंगरीचं तिथे जायचं जवळजवळ ठरलंच होतं. नावाजलेल्या कॉलेजातही अर्ज भरून ठेवलेला होता, पण त्याची आशा कुणी धरली नव्हती. तेवढ्यात तिथून कळलं, की प्रतीक्षायादीतल्या एका मुलीला जागा मिळते आहे आणि ती मुलगी म्हणजे भिंगरी.

दुकान आवरताना नवराबायकोचं बोलणं झालं.

"नाव मोठं आहे, कबूल," बायको म्हणाली. "पण पोरीला तिथं करमेल का?"

"करमायला काय सहलीला चाललीये? राज्य विद्यापीठातून निघालेली पोरं विचारतेस? गर्दीत दगड मारला तर त्यातल्याच कुणाला तरी लागेल."

"आणि त्या कॉलेजातली?"

"त्यांचे कोट मी शिवतो."

"शिवता तुम्ही. घालायचाय तिला," बायको म्हणाली. "तिला विचारा तरी."

विचारायचं ठरलं. रविवारी तिघांनी निवांत बसून बोलायचं, असं मास्तरांनीच सांगितलं. आणि रविवार उजाडायच्या आधी मास्तरांनी कापड कापलं.

माप घ्यायची गरजच नव्हती. लेकीचे खांदे त्यांना पाठ होते. भिंगरी दुपारी जिना उतरून खाली आली तेव्हा टेबलावर पाठ, पुढचे दोन भाग, बाह्या, सगळं खडूच्या रेघांसकट मांडून ठेवलेलं होतं. ती या दुकानातच वाढलेली. कात्री लागली की विषय संपला, हा इथला कायदा तिने बोलायला शिकण्याआधी शिकला होता.

"हा कुणाचा?" तिने विचारलं.

"तुझा!" मास्तर म्हणाले. त्यांच्या आवाजात इतका आनंद होता, की खिडकीपाशी बायकोची सुई थांबली.

भिंगरीने कापडावरून हात फिरवला. म्हणाली, "बरं."

एका शब्दात तिचं बोलणं संपलं, असं त्या घरात कधी झालं नव्हतं. आईच्या ते लक्षात आलं. रविवारी तिघं बसलीही, पण तोवर बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

कोट झकास झाला. खिशावरचं चिन्ह आईने शिवलं. भिंगरी कॉलेजला गेली आणि पहिल्या सुट्टीत घरी आली, तेव्हा कोट तिच्या अंगावर सैल होत होता. मास्तरांनी तिला आरशापुढच्या बुटक्या स्टुलावर उभं केलं, तोंडात टाचण्या धरल्या आणि दोन्ही बाजूंनी कोट आत घेतला. उसवल्याची खूणसुद्धा दिसत नव्हती. "बघ," ते बायकोला म्हणाले, "कुणी सांगेल का, की हा पहिला नव्हता असा?"

"पोर वाळलीये," बायको म्हणाली.

"अभ्यास आहे तिथला. गंमत नाही."

दुसऱ्या सुट्टीत त्यांनी कोट पुन्हा आत घेतला. या खेपेला बायको मान वर न करता काजं करत राहिली. भिंगरी आता आपणहून बोलत नव्हती. ती जिन्यावरून चालत उतरे आणि विचारलेल्याला उत्तर देई. "मोठी झाली हो पोर," मास्तर गिऱ्हाइकांना सांगत.

दिसलं नाही, असं मास्तरांना पुढे कधीच म्हणता आलं नाही. दिसलं होतं. खांदे पुढे आले होते, पाठीला बाक आला होता. दुसऱ्या कुणाचे असे खांदे असते, तर त्यांनी बायकोला सांगितलं असतं, 'या माणसाचं काहीतरी बिनसलंय.' लेकीचं दिसलं आणि त्यांनी ते शिवून टाकलं.

तिसऱ्या सुट्टीत भिंगरी पुन्हा स्टुलावर उभी राहिली. मास्तरांनी टाचणी लावली, काढली, पुन्हा लावली.

"आता बाजूने घेता येणार नाही," ते म्हणाले. "आणखी घेतलं तर खिसे पाठीकडे जातील. खांद्यापासून उसवावा लागेल."

"बाबा, मी मेसमध्ये जात नाही," भिंगरी आरशात बघत म्हणाली.

"म्हणजे? जेवतेस कुठे?"

"बिस्किटं खाते खोलीवर. तिथे प्रत्येकाचं टेबल ठरलेलं असतं. कुणी हाकलत नाही. पण मी बसले की बोलणं थांबतं."

मास्तरांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. "मग आधी सांगायचं नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही माप घेतलंत."

ती रडली नाही, तिचा आवाजही चढला नाही. रडली असती तर बरं झालं असतं, असं मास्तरांना पुढे कितीदा तरी वाटलं. तिने एवढंच विचारलं, "मी राज्य विद्यापीठात जाऊ का?"

आणि इथे मास्तरांनी ती गोष्ट केली, जी ते कुणाला सांगत नाहीत. कोटाची कड अजून त्यांच्या हातात होती. ते म्हणाले, "एवढं वर्ष काढ. अर्धवट सोडलं तर लोक काय म्हणतील? परीक्षा होऊ दे, मग बघू."

भिंगरी म्हणाली, "बरं." आणि सुट्टी संपल्यावर कॉलेजला परत गेली.

त्या आठवड्यात दंतवैद्यांच्या बाई धाकट्या मुलाला घेऊन दुकानात आल्या. त्याचाही नंबर त्याच कॉलेजात लागला होता. पोरगं टेपखाली अवघडून उभं होतं आणि बाई बोलत होत्या. "मास्तर, तुमची लेक तिथेच ना? कशी आहे? करमतं ना तिला?"

"मजेत आहे," मास्तर म्हणाले. "परत यायचं नाव काढत नाही."

बाई गेल्यावर बायको उठली. हातातला एका गिऱ्हाइकाचा हिरवा कोट तिने मास्तरांच्या मशीनवर ठेवला, वर चिन्ह ठेवलं.

"हे तुमचं तुम्ही लावा. माझ्या हातून आता नाही व्हायचं."

"अगं, त्या परक्या बाईला काय सांगणार होतो मी?"

"परक्या बाईचं सोडा. तिचं पोरगं ऐकत होतं. उद्या त्यालाही वाटेल, सगळी मजेत असतात, आपलंच काहीतरी चुकतंय. आपल्या पोरीलाही असंच वाटत असेल."

मास्तरांनी चिन्ह लावायला घेतलं. इतक्या वर्षांत ते काम त्यांनी स्वतः कधी केलं नव्हतं. वाकडं बसलं. उसवलं, पुन्हा लावलं, पुन्हा वाकडं. मग त्यांनी दिवा बंद केला आणि वर जाऊन बायकोला म्हणाले, "दुकान उद्या तू बघ. मी तिला आणायला जातो."

कॉलेज त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. कमानी उंच होत्या, हिरवळ कापलेली होती, हिरवे कोट घालून मुलं हसत चालली होती. त्यातले दोन कोट त्यांनी स्वतः शिवलेले, पाठमोरे ओळखू आले. जेवणाची वेळ होती. भिंगरी खोलीवर होती. दार तिने लगेच उघडलं नाही. उघडलं तेव्हा बापाला बघून ती घाबरली. "आईला काही झालंय का?"

"आई ठणठणीत आहे. सामान भर."

"परीक्षा?"

"राहू दे."

भराभर म्हणावं असं सामान नव्हतंच. बसमध्ये ती खिडकीला डोकं टेकून झोपली. मास्तरांनी किती वेळा वाक्य जुळवलं. 'माझं चुकलं' एवढंच तर म्हणायचं होतं. पण ती जागी झाली तेव्हा ते म्हणाले, "पाणी पितेस?"

राज्य विद्यापीठाच्या कचेरीत कारकुनाने चष्म्यावरून बघितलं. "त्या कॉलेजातून इकडे? लोक उलटे जातात हो." मग सांगितलं, की तिथलं धरता येणार नाही, पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल, वर्ष...

"चालेल," भिंगरी म्हणाली. त्याचं वाक्य तिने पुरं होऊ दिलं नाही.

गावात चर्चा झाली. झेपलं नाही, असं काही जण म्हणाले. मास्तर कुणाशी भांडले नाहीत. "तिला नव्हतं जायचं. मी पाठवलं," एवढंच सांगत. दंतवैद्यांच्या बाईंनाही त्यांनी घरी जाऊन हेच सांगितलं, त्यांच्या मुलासमोर. बाईंना ते आवडलं नाही. तेव्हापासून त्यांच्या घरचं काम दुसऱ्या शिंप्याकडे जातं.

भिंगरी शिकली, पास झाली, तब्येतही सुधारली. सगळं सुरळीत झालं की, असं लोक आता म्हणतात. मास्तर मान हलवतात. पण ती बोलायची तशी पुन्हा बोलली नाही. आता हसते, गप्पाही मारते, पण आधी समोरच्याचा अंदाज घेते आणि मग तोंड उघडते. दुसऱ्या कुणाला त्यात काही वावगं दिसत नाही. मास्तरांना ती जुनी बडबड ऐकू येते आणि ते मशीन जोरात चालवतात. माफी मागायची राहून गेली ती गेलीच. बायको म्हणते, "अहो, ती कधीच विसरली." मास्तर म्हणतात, "तिने विसरावं. तो तिचा हक्क आहे."

भिंगरी सध्या दुसऱ्या गावी बियाणं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी करते. रविवारी तिचा फोन येतो. मास्तर आधी घेतात, ती जेवली का, काय जेवली आणि कुणाबरोबर, ते विचारतात, सगळं ऐकून घेतात आणि फोन तिच्या आईकडे देतात.