शंभर बैठका

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईबाबांना नाही, जिच्याशी माझं लग्न ठरलंय तिलाही नाही. तिला एकदा सांगायला गेलो होतो — तोंड उघडलं आणि भलतंच काहीतरी बोलून घरी आलो. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून कदाचित जमेल. बघू या.

आधी माझ्या अंगाबद्दल सांगतो. टाळतोय असं समजू नका — म्हणजे टाळतोयच थोडा, पण हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. सतराव्या वर्षी माझं वजन सेहेचाळीस किलो होतं. चंदनसारला आमच्या बिल्डिंगमधली पोरं मला काडी म्हणायची. मे महिन्यातही मी पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायचो. कॉलेजात मुली कशालाही हसल्या तरी मला वाटायचं, माझ्या मनगटांना हसतायत. तुम्ही कधी बारीक होता का? बारीक माणसाला अख्खं गाव सल्ला देतं. केळी खा, तूप खा, जंत झालेत का बघून घे. आणि आपण हसून मान डोलवायची.

आमच्याकडे रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये एक व्यायामशाळा होती. आरसे नाहीत, एसी नाही, गंजलेली वजनं आणि एक मारुतीचा फोटो. पेडणेकर सर ती चालवायचे. वालीवच्या एका कारखान्यात फिटर होते ते, साठीला आलेले, आणि दुसरी पाळी असली की आम्हाला कामाला लावून साडेतीनलाच निघून जायचे. त्यांचा एक नियम होता. नव्या मुलानं पहिल्या दिवशी शंभर बैठका मारायच्या. जुन्यातला एक जण समोर उभा राहून मोजणार. मांडी पूर्ण खाली गेली नाही, की मोजणाऱ्यानं म्हणायचं, "धरली नाही." ती बैठक गेली. आकडा पुढे सरकायचा नाही. मोजणाऱ्याच्या शब्दापुढे कुणी बोलायचं नाही, सरही नाही.

माझ्या शंभर मी तीन ठिकाणी थांबून, एकदा ओकून पुऱ्या केल्या होत्या. दुसऱ्या दिवशी जिना उतरता येईना. कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत, आजोबांसारखा उतरलो. संडासात बसलो तर उठता येईना, आईला हाक मारायची लाज वाटली, नळाला धरून उठलो. आणि तरी — हे कुणाला खरं वाटत नाही — मी आयुष्यात तितका खूश कधीच नव्हतो. मांडीला नुसतं बोट लावलं तरी कळ यायची, आणि मी दिवसभर मुद्दाम बोट लावून बघत होतो. सर म्हणायचे, "दुखतंय म्हणजे वाढतंय." दुखण्यावर त्यांच्याकडे औषधही एकच होतं: परत तेच करायचं. दुखणं मला कळत होतं. वाढणं मात्र काही दिसत नव्हतं. आठ महिने रोज गेलो, भिजवलेले हरभरे खाल्ले, अंडी खाल्ली, आणि वजन वाढलं अडीच किलो.

बाकीचा वेळ मी फोनवर व्यायामाचे व्हिडिओ बघण्यात घालवायचो. त्यातल्या एकात एक डॉक्टर सांगत होते, की सवय नसताना अति व्यायाम केला तर स्नायू आतून फुटतात, त्यांतला मळ रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडं बंद पडू शकतात. लघवी काळ्या चहासारखी झाली तर धावत हॉस्पिटल गाठा, असं ते म्हणाले होते. तो व्हिडिओ मी दोनदा पाहिला होता. हे लक्षात ठेवा. मला विसरता आलेलं नाही.

हर्षल माझ्याच वर्गात होता. वटार गावचा. त्यांची केळीची आणि पानवेलीची वाडी होती. माझ्याइतकाच बारीक, म्हणून तर आमची दोस्ती झाली — वर्गात शेवटच्या बाकावर आम्ही दोघं मिळून एका माणसाची जागा अडवायचो. त्याला व्यायामशाळेत मीच नेलं. खरं कारण सांगू? मला तिथे माझ्यापेक्षा काडी असलेलं कुणीतरी हवं होतं.

पहिल्या दिवशी सर यायच्या आधी मी त्याला फुशारकीनं माझा बार दाखवला. जमिनीवरून साठ किलो उचलायला मला आठ महिने लागले होते. हर्षल म्हणाला, "मी बघू?" आणि त्यानं तो उचलला. दात-ओठ न आवळता, वाडीत केळीचा लोंगर, अख्खा घड, उचलावा तसा. आणि लोंगरासारखाच हळूच खाली ठेवला, कुठे आपटू नये म्हणून. दारात पेडणेकर सर उभे होते.

"अंग नाही, पण ताकद आहे पोरात," ते म्हणाले. "हा वाया जाता कामा नये."

आठ महिन्यांत माझ्याबद्दल ते असं एकदाही बोलले नव्हते. त्यांची दुसरी पाळी होती. निघताना पायात चपला सरकवत मला म्हणाले, "सागर, शंभर काढून घे याच्याकडून. नीट मोज."

मी नीट मोजल्या. तोच तर माझा गुन्हा आहे.

पहिल्या वीस सरळ गेल्या. त्याची मांडी पार खाली जात होती, पाठ ताठ, श्वास एकसारखा. एकविसाव्या वेळी माझ्या तोंडून निघालं, "धरली नाही." का निघालं? तो थांबला, "सॉरी" म्हणाला आणि परत खाली गेला, आणखी खोल. मी परत म्हणालो, "धरली नाही." मग एक धरायची, कधी तीन, कधी पाच सोडायच्या, असं चालू झालं. बाकीची पोरं आपापल्या वजनांत होती, कुणाचं लक्ष नव्हतं. मोठ्यानं मी पंचेचाळीस म्हणत होतो आणि मनात खरा आकडा मोजत होतो. कशासाठी, ते मला आजही सांगता येत नाही. तो मध्येच बसायचा, पाणी प्यायचा, पुन्हा उभा राहायचा. एकदाही म्हणाला नाही की तू चुकतोयस. त्याला वाटलं, आपल्यालाच जमत नाहीये. साठच्या पुढे त्याचे पाय थरथरायला लागले तेव्हा मला बरं वाटलं. हो, बरं वाटलं. तासाभरानं मी शंभर म्हणालो, तो फरशीवर आडवा झाला आणि खालून माझ्याकडे बघून हसला. "झाल्या ना रे पुऱ्या?" म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो मित्राच्या बाइकवर मागे बसून कॉलेजात आला, सायकल चालवता येत नव्हती. मांड्या सुजून पँट घट्ट झाली होती. मला म्हणाला, खूप दुखतंय रे, हे असंच असतं का? तिथे थांबता आलं असतं. मी सरांचं औषध त्याला दिलं. संध्याकाळी शेडमध्ये नेऊन आणखी पन्नास मारायला लावल्या, त्याही माझ्याच मोजणीनं. पंचविसाच्या आसपास तो खाली बसला तो उठेना. तेव्हा मी थांबलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला. आवाज दबका, घरच्यांना ऐकू जाऊ नये असा. "माझी लघवी बघ ना, चहासारखी येतेय. काळी. असं असतं का?"

तो व्हिडिओ माझ्या डोळ्यांसमोर आला. ते डॉक्टर, त्यांचा निळा शर्टसुद्धा. तेव्हा मी काय म्हणालो?

"कावीळ असेल. आईला सांग."

एवढंच. 'धावत हॉस्पिटल गाठ' एवढं म्हणायचं होतं. पण मग डॉक्टर विचारणार, किती बैठका, कुणी मोजल्या.

हर्षलच्या आईनं कावीळ म्हटल्यावर जे त्या भागात कुणीही केलं असतं तेच केलं. त्याला रिक्षात घालून पलीकडच्या गावात कावीळ उतरवणाऱ्या आजीकडे नेलं. मीही गेलो बरोबर. त्याच्या आईनं, काकींनी, बोलावलं होतं, त्याला धरायला कुणीतरी हवं म्हणून. आजीनं चुन्याच्या पाण्यात त्याचे हात धुतले. ओंजळीतून पाणी ताटात पडलं. "बघा, पानी पिवळं पडलं," ती म्हणाली. "कावीळच हाय. तेल-तिखट बंद करा, उसाचा रस द्या." मग तिनं त्याच्या डोक्यावरून कसल्याशा झाडाच्या मुळ्यांची एक माळ घातली. माळ जसजशी लांब होत खाली उतरेल, तसतशी कावीळ उतरेल, असं म्हणाली. त्या बाईचा काय दोष? तिला जे सांगितलं त्यावर तिनं उपाय केला. काकी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "बाळा, तू होतास म्हणून." त्याचे डोळे मी बघितले होते. पांढरे स्वच्छ होते, पिवळेपणाचा मागमूस नव्हता.

दोन दिवस तो माळ घालून झोपून राहिला. मी रोज विचारायला जायचो. माळ खरंच जराशी लांब झाली होती, काकींनी मला कौतुकानं दाखवली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला उलट्या सुरू झाल्या, तोंड सुजलं, आणि लघवी व्हायचीच बंद झाली. मग हॉस्पिटल.

तिथे डॉक्टरांनी मला बाहेर व्हरांड्यात गाठलं. तरुण होते, घाईत होते. कावीळ नाही म्हणाले. यानं काही जड काम केलंय का, व्यायाम केलाय का, खरं सांग. मी म्हणालो, "बैठका केल्या. शंभर."

"शंभरच?"

"सर सांगतात तेवढ्याच. मी मोजल्यात."

त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. शंभरनं एवढं? मग काकींना विचारू लागले — वाडीत काही चावलं का, साचलेल्या पाण्यात उतरला होता का. तपासण्या त्या दिशेला गेल्या आणि आणखी एक दिवस गेला. हर्षलला शुद्धीवर असताना विचारलं, तेव्हा तोही म्हणाला, शंभर. मी दाराशी उभा होतो. म्हटलं, आता सांगणार, की न धरलेल्या खूप होत्या. पण त्यानं त्या सांगितल्याच नाहीत. त्याला त्यांची लाज वाटत होती.

पेडणेकर सर हॉस्पिटलात आले होते. बाहेर बाकावर बसून राहिले, हातात चपला घेऊन, का कोण जाणे. हर्षलचे काका त्यांना नको नको ते बोलले. सर एकच वाक्य म्हणत होते, "माझंच चुकलं, शंभर जास्त होत्या त्या पोराला." मी शेजारी उभा होतो. महिन्याभरात शेड बंद झाली, वजनं भंगारात गेली आणि सर कोकणात आपल्या गावी निघून गेले. पुढे कळलं, तिथे कुणी मुलांना शिकवायला बोलावलं तरी ते जात नाहीत.

हर्षल वाचला. मूत्रपिंडं मात्र पूर्ण सावरली नाहीत. आधी गोळ्या होत्या, मग पथ्य आलं, आणि गेल्या दीड वर्षापासून आठवड्यातून तीनदा डायलिसिस. या सगळ्याला आता नऊ वर्षं झाली. घरात त्याला कुणी पाण्याची बादली उचलू देत नाही. वाडी काकांची मुलं बघतात, तो ओट्यावर बसून पानं मोजून जुड्या बांधतो. शंभर बैठका झेपल्या नाहीत, पोरगं मुळातच नाजूक — हे आता सगळ्या नातेवाइकांना पाठ आहे. त्यालाही. एका स्थळाकडून नकार आला तेव्हा तोच मला समजावत होता, "बरोबर आहे रे त्यांचं. आपल्या अंगातच नव्हतं काही."

मला वाटलं असतं तर मी कधीही बोलू शकलो असतो. नुसत्या या दीड वर्षात गुरुवार किती आले? दर गुरुवारी ऑफिसातून लवकर निघून मीच त्याला स्कूटरवर डायलिसिसला नेतो, चार तास शेजारी बसतो, परत सोडतो. काकी लोकांना सांगतात, मैत्री असावी तर सागरसारखी. मी मान खाली घालतो. त्यांना तो माझा विनय वाटतो. प्रायश्चित्त म्हणून जातो का? मीही बरेच महिने तसं समजत होतो. खरं म्हणजे मी तिथे पहाऱ्याला बसतो. त्याला कधी काही आठवलं, तर ते पहिल्यांदा मला कळावं म्हणून.

गेल्या गुरुवारी मशीन चालू होतं, हर्षल डोळे मिटून पडला होता. मला वाटलं झोपला. डोळे न उघडताच म्हणाला, "सागर, एक विचारू? त्या दिवशी शंभर खरंच पुऱ्या केल्या होत्या मी? की शेवटच्या दहा-पंधरा न मारताच तू धरून टाकल्यास, मित्र म्हणून? खरं सांग, मला राग नाही येणार."

मी म्हणालो, "पुऱ्या केल्या होत्यास."

तो हसला. फरशीवर आडवा पडून हसला होता, तसाच. मग खरंच झोपला.

चारशे बारा. पहिल्या दिवशी चारशे बारा मारल्या त्यानं, आणि त्यातल्या प्रत्येक वेळी त्याची मांडी पूर्ण खाली गेली होती.