जनाताईची दोन पानं

मुंबईकडची एस.टी. सुटायच्या आधी आईने खिडकीतून डबा आत दिला. वर धपाटे, तळाशी गोळ्यांची पुडी. "आजाराचं कुणाला सांगू नको. अन् तिथल्यासारखं बोलत जा, नाहीतर हसतील." जिंतूरच्या आमच्या बौद्धवाड्यातला मी पहिला पदवीधर. वर्षापूर्वी मन बिघडून इस्पितळात राहून आलेलाही मीच.

आई, तुझं दोन्ही ऐकलं. डोंबिवली, ठाकुर्ली, टिटवाळा, मी खोल्या बदलत राहिलो. कुणी गोळ्यांबद्दल विचारलं की ट्रंक उचलायची. बोलणं मात्र इतकं घासून घेतलं, की ऑफिसात विचारत, "पुण्याचे का?" मला बरं वाटायचं.

कर्णिकबाई मला ठाण्याला इस्पितळात औषधाच्या रांगेत भेटल्या. निवृत्त शिक्षिका, स्वतः याच आजारातून उठलेल्या. दर रविवारी डोंबिवलीतल्या एका शाळेच्या वर्गात त्या आजारी माणसांना आणि घरच्यांना जमवत. बरे झालेले आम्ही त्यांचे 'सोबती'. सोबती व्हायचं तर आपली हकीकत दोन पानं लिहून सगळ्यांपुढे वाचायची. त्या वर्गाने मला उभं केलं, हे उपकार मोठे. पण आम्ही सातही सोबती शिकलेले, एकसारखे बोलणारे. मानपाड्याचा एक बाप आजारी मुलीला घेऊन यायचा आणि गप्प बसून परत जायचा.

मग खाडीकाठच्या जनाताईंनी सोबती व्हायचं म्हटलं. सुकी मासळी विकणाऱ्या, बऱ्या होऊन दोन वर्षं झालेल्या. त्यांना लिहिता येत नव्हतं, म्हणून त्या सांगत गेल्या आणि मी लिहिलं. रविवारी मी ते वर्गात वाचलं, "मला तीव्र नैराश्याने ग्रासले होते..."

"दादा, ब्येस लिवलाय तुमी," त्या म्हणाल्या. "पन ही बाय मी नाय."

मी पानं खाली ठेवली. कर्णिकबाई त्यांना म्हणाल्या, "मग तुम्हीच सांगा."

"म्हावरा पुढ्यान, गिराईक पुढ्यान, न माजे तोंडातशी आवाज नाय. घरची बोलली, नाटक करते."

आमच्यातले एक बँकवाले कुरकुरले, "नियम सगळ्यांना सारखा हवा ना? पानं हवीतच."

"मंग तुमची पाना बँकेन ठेवा," जनाताई म्हणाल्या. वर्ग हसला. मागून मानपाड्याचा बाप पहिल्यांदा बोलला, "माजी पोर पन आशीच. बाय, तू बसशील काय तिचे बाजूला?"

जनाताई उठून मुलीशेजारी जाऊन बसल्या. बाईंनी माझी पानं टेबलाच्या खणात टाकली. पानांचा नियम त्या दिवशी संपला.

पुढच्या रविवारी मी माझी हकीकत पुन्हा सांगितली, आई, तुझ्या बोलीत. कुणी हसलं नाही.

खोल्या अजून बदलतो. ट्रंक कधीच पूर्ण रिकामी करत नाही. गावी आलो तरी तिसऱ्या दिवशी मन उठतं, कारण तिथे अजूनही तू पुडी पिठाच्या डब्यामागे लपवतेस. घर म्हणजे काय ते मला नक्की सांगता येत नाही. एवढंच, की बाकी सगळीकडे मी दाराजवळची जागा धरतो, आणि त्या वर्गात आता मधल्या बाकावर बसतो.