एकादशीच्या मापाची फटफटी

आमची फटफटी फक्त एकादशीलाच नीट वळायची.

यात तिचा काही दोष नव्हता. लष्कराच्या लिलावातून आलेली ती गाडी कुणा ताडमाड गोऱ्या सोजिरासाठी बनवलेली, आणि आमचे हे लाकडाच्या डेपोत मुनीम. उंचीनं बेताचे, रुंदीनं सढळ! पाय जमिनीला टेकेनात. हँडल धरायला इतकं पुढं वाकावं लागे की चांद्याहून मूल गावाला जाऊन आले की दोन दिवस घरात ओणवे फिरायचे. समोरून बघणाऱ्याला वाटे, काहीतरी हरवलंय.

"गाडी नाई, रेडा हाय हा," एकदा हे पाठ धरून म्हणाले. "शिंगं लय दूर हायत याची!"

"मंग शिंगं जवळ आना ना," मी म्हटलं.

(मी सहसा बोलत नाही. का बोलत नाही, ते आता कळेलच.)

यांनी लगेच सोमा लोहाराला बोलावलं. सोमानं आजवर बैलगाडीच्या धावा नि कुऱ्हाडीच केलेल्या. पण त्यानं फटफटीकडं असं पाहिलं, जणू हिच्या आजीलाही त्यानंच घडवलं होतं. बैठक खाली आणली, पाय ठेवायला रुंद पट्ट्या ठोकल्या. गादीत सावरीचा कापूस मी भरला. राहिलं हँडल.

"भाऊ, ताठ बसा. हात सैल सोडा," म्हणून त्यानं माप घेतलं, हँडल भट्टीत लाल केलं आणि पार मागं वाकवून आणलं. दोन्ही मुठी यांच्या कमरेच्या दोन बाजूंना आल्या.

"आता कसं वाटते?"

"झोपाळ्यावर बसल्यावानी!" हे म्हणाले. अंगणात गोल फेरी मारली. गाडी कशी लोण्यासारखी वळली!

त्या दिवशी एकादशी होती. हे एकादशी कडक करतात. पोट उन्हाळ्यातल्या तळ्यासारखं आत गेलेलं. हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं, कारण दुसऱ्या दिवशी ते तळं भरणारी मीच होते!

द्वादशीला भरपेट पारणं करून हे निघाले. फाटकातून डावीकडं वळायचं, ते सरळ समोरच्या तुराट्यांच्या कुंपणात शिरले.

"सोम्या! हँडल वळून नाई राह्यलं!"

सोमानं वाकून पाहिलं. "हँडल बराबर हाय भाऊ. मंधात पोट येऊन राह्यलं."

"मंग मांगं कर ना थे!"

"काय, पोट?"

"हँडल!"

"पुन्हा तापवलं तं मोडन. मापात माही चूक नाई. लोखंड जिथल्या तिथं हाय, मानूस वाढला."

आणि चार दिवसांवर माझ्या एकुलत्या एक भावाचं लग्न! वऱ्हाड बैलगाड्यांनी आधीच निघालेलं. यांना सुट्टी लग्नाच्याच दिवशी, म्हणून आम्ही फटफटीनं जाणार. आईचा निरोप आला होता, "करवली येळेवर नाई आली तं चुलत बहिणीले उभी करीन!" ती चुलत बहीण म्हणजे, तिच्या घरी कुणी पाणी प्यालं तरी वर्षभर गावाला सांगणारी. भावाच्या मागं कऱ्हा घेऊन ती उभी राहिली असती, तर मला जन्मभर ऐकावं लागलं असतं.

"मुहूर्तापर्यंत मी काई खानार नाई," लग्नाच्या सकाळी यांनी शपथ घेतली. निघालो. गाडी सुरेख वळत होती. पण वाटेत नणंदेचं गाव!

"दादा, माह्या दारातून उपाशी जातेस? गाव काय म्हनन मले?"

वडे आले, भात आला, आंब्याचा रस आला. त्याच्या पुढं मामेसासऱ्यांचं गाव. तिथंही गावाला नाक होतंच! शेवयांवर तूप वाढून वाढून त्यांनी ते राखलं.

पुढच्या पहिल्याच वळणावर हे ओरडले, "मांगून पोट ओढ!"

"काय?"

"पोट ओढ वं! नाई तं सागावर जाऊ!"

मी चारचौघांत यांचं नावसुद्धा न घेणारी बाई. पण समोरचा साग जवळ आला, आणि मी दोन्ही बाजूंनी ते पोट धरून जीव खाऊन मागं ओढलं. गाडी वळली! मग तेच सुरू झालं. हे ओरडायचे "वळ!" की मी ओढायची. जंगलचा रस्ता, दर फर्लांगाला वळण. एका गावात मोहाची टोपली घेतलेली म्हातारी थबकली.

"भर रस्त्यात नवऱ्याले मिठी! लाज नाई वाटत का वं बाई?"

"वाटते, आजी!" मी ओरडले. "पन पुढं वळन हाय!"

मांडवात पोचलो, तेव्हा अंतरपाट धरलेला. चुलत बहीण कऱ्ह्याकडं हात लांबवतच होती. आईनं तो तिच्या बोटांखालून काढून माझ्या हातात कोंबला. मी भावामागं उभी राहिले. मान खाली, कानात अजून फटफट चाललेली. मंगलाष्टकं झाली, हार पडले. भटजी खणखणीत आवाजात म्हणाले, "हं, नवरदेव, आता इकडं वळ!"

मी नाही हो, माझे हातच गेले! कऱ्हा भटजींच्या अंगावर आणि माझे दोन्ही हात नवरदेवाच्या पोटाला. जीव खाऊन ओढलं!

"आई वं!" म्हणत नवरदेव माझ्यावर बसला. कऱ्ह्यावरचा नारळ गडगडत वरमाईच्या, म्हणजे माझ्याच आईच्या पायाशी गेला. सगळा मांडव माना उंचावून पाहू लागला. चुलत बहिणीचं तोंड तर आनंदानं उघडंच राहिलं.

काय झालं ते एकट्या यांनाच कळलं. ते मांडवाच्या टोकावरून हात हलवत ओरडले, "सोड वं त्याले! थो सकाळपासून उपाशी हाय, आपोआप वळते!"

त्यानंतर चुलत भावांची लग्नं झाली, तिथंही करवलीचा मान मला मिळाला. फक्त कऱ्हा हातात दिला की आई तो माझ्या दोन्ही हातांना उपरण्यानं बांधून टाकायची.