बिनकागदाची लाल गाडी

पंढरी सोनकांबळेला कुणी चहा पाजतो म्हटलं, तरी तो आधी विचारतो, "कामून?" सत्तरीला टेकलेला माणूस. नांदेडात इतवारा बाजारामागं त्याचं गॅरेज आहे. गॅरेज आता पुतण्या बघतो आणि पुतण्याला हा बघतो. डॉक्टरनं गोळी दिली तर दोन दुकानांत दाखवून मगच गिळणार. बायको सिंधू तर म्हणते, "लग्नात माझ्या गळ्यात हार घालायच्या आधी ह्यांनी तो उलटापालटा करून बघितला हुता."

पण माणूस जन्मापासून असा नव्हता, बरं का. उलट सव्वीस वर्षांचा होईस्तोवर चांगला मोकळाढाकळा होता. मग त्याच्या नशिबात एक गाडी आली. लाल, बिनछपराची, दोनच माणसं बसतील अशी. पुढं लांब नाक, मागं आखूड, सायकलीसारखी तारांची चाकं, आणि बसलं की ढुंगण जमिनीला लागतं की काय असं वाटावं इतकी खाली. विलायतेत अशा गाड्या शर्यतीला पळवतात म्हणे. आपल्याकडं ती चाकूरच्या शिवारात पळाली.

हे त्र्याऐंशी सालचं. लातूर जिल्हा होऊन वरीसही झालं नव्हतं. जो तो लातूरकडं तोंड करून बसलेला. नवीन साहेब आलेत, नवीन कचेरी आहे, आता काहीतरी मिळेल. मिळालं काय तर दुष्काळ. मृगात आभाळ यायचं आणि उसनं आणल्यासारखं परत जायचं. विहिरींच्या तळाला भेगा पडल्या. अशा सालात पंढरी उदगीरच्या वीरण्णांच्या बोअरच्या गाडीवर मिस्त्री होता. वीरण्णा मोठा कामाचा आणि मोठ्या ढेरीचा माणूस. काही झालं की कानडीत "एनप्पा पंढरी", म्हणजे काय रे बाबा, म्हणून हाक मारायचा, आणि पंढरी मशीन चालू करून द्यायचा.

त्याच्या आदल्या उन्हाळ्यात हे लोक हैदराबादेत एका जुन्या हवेलीत बोअर मारायला गेले होते. हवेलीची मालकीण म्हातारी बेगम, एकटी. मागच्या अंगणात लिंबाच्या झाडाखाली ही गाडी पडलेली. सीटवर कोंबड्या बसायच्या. पंढरीनं आपलं काम झाल्यावर बेगमचा विहिरीवरचा बंद पडलेला पंप उघडला आणि दोन दिवस झटून चालू केला. हात धुताना नजर मात्र गाडीवर. बेगमनं ती नजर ओळखली. "ले जाव बेटा," ती म्हणाली, "मेरे साहब की थी. मुर्गियां खराब कर रही हैं." पंढरीला आधी चेष्टाच वाटली. मग वीरण्णांच्या ट्रकमागं दोर बांधून गाडी नांदेडला त्याच्या खोलीवर आली आणि पंढरीनं वरीसभर सुट्टीचा एकेक दिवस तिच्यात घातला. रेडिएटर जीपचा, पंप ॲम्बॅसेडरचा, रंग हातानं मारलेला. सगळं झालं. कागद तेवढा नव्हता. बेगमनं गाडीचं पुस्तक दिलं नव्हतं, ह्यानं मागितलं नव्हतं.

तिथंच घोळ झाला. 'एका बेगमनं पंप दुरुस्त केला म्हणून मोटार दिली' हे कोण खरं मानणार? पोलिसानं ऐकलं तर आधी कानाखाली देईल. म्हणून पंढरीनं चलाखी केली. लोह्याच्या नाक्यावर सांगितलं, मालकाची आहे. अहमदपूरच्या पंपावर सांगितलं, हप्त्यानं घेतली. चाकूरजवळच्या त्याच्या गावात दगडोबा काकानं विचारलं तर म्हणाला, "दोस्ताची हाय, सांभाळायला दिलीय." आता अहमदपूर आणि गाव ह्यांच्यात अंतर ते किती! पंधरा दिवसांत तिन्ही गोष्टी एका पारावर येऊन बसल्या. लबाडाचं आवतण जेवल्याशिवाय खरं नाही म्हणतात, आणि इथं तर आवतण देणाऱ्यानंच तीन घरची नावं सांगितलेली.

पण गाडी घेऊन पहिल्यांदा तो नांदेडहून गावी आला तो दिवस त्याला अजून आठवतो. सांगताना चेहरा उजळतो. रस्त्यावर चिटपाखरू नाही, दोन्हीकडं करपलेली रानं, आणि हा वाऱ्यात डोक्याला रुमाल बांधून. "साहेब, वरी काच न्हाई, छत न्हाई. सगळं आभाळ मपलंच हुतं," तो म्हणतो. ज्याचा बाप जन्मभर दुसऱ्याच्या बैलामागं चालला, त्याला असं वाटणारच की. त्याला खूप, खूप आनंद झाला होता.

एक खोड होती गाडीला. आठ कोस गेली की उकळायची. मग पंढरी बोनेट उघडून, फडकं धरून टोपण काढायचा आणि बरोबर आणलेल्या डब्यातलं पाणी आत ओतायचा. गावच्या वेशीपाशी तो पहिल्यांदा पाणी ओतायला उभा राहिला तेव्हा बायका टँकरसाठी घागरी लावून बसल्या होत्या. सगळ्यांनी ते पाणी गाडीच्या तोंडात जाताना बघितलं. पंचफुला नावाची एक फटकळ बाई तेवढी म्हणाली, "माणसं तहानली मरून राहिली, आन् ही सवत चांगली पिऊन राहिली की!" ते पाणी नांदेडचं होतं. पण सांगून उपयोग काय?

आता मुद्द्याची गोष्ट. गावच्या बौद्धवस्तीला, म्हणजे पंढरीच्याच वस्तीला, बोअर मंजूर झाला होता. नवीन जिल्ह्याच्या पहिल्या यादीत नाव आलं होतं. वस्तीची विहीर आटलेली, गावच्या विहिरीवर तेव्हाही बोलणी खावी लागत. एकच बोअर, एकदाच. पाणी लागलं तर लागलं, नाहीतर यादी पुढच्या गावाला. लातूरहून साहेब आला, तारा जमिनीत खोचून यंत्र बघितलं, आणि वस्तीच्या खालच्या अंगाला गायरानात खूण केली. चिमूटभर चुना जमिनीत गाडायचा आणि वर दगड ठेवायचा, अशी ह्या लोकांची रीत. ती जागा पडली साहेबराव पाटलाच्या बांधापासून वीस पावलांवर. आणि बोअरची गाडी येणार होती वीरण्णांची, म्हणजे पंढरीची.

झालं. लोकांना दोन अधिक दोन करायला किती वेळ लागतो?

त्यात साहेबराव पाटील रोज गाडी बघायला यायला लागला. साठीचा माणूस, पांढरं धोतर, शंभर एकरांचा धनी. ह्याच माणसानं पंढरीच्या बापाला जन्मात उंबऱ्याच्या आत घेतलं नव्हतं. पंढरीला कालपर्यंत 'पंढऱ्या' म्हणणारा आता 'पंढरीराव' म्हणायला लागला. एक दिवस लाजत लाजत म्हणाला, "जरा चक्कर मारून आणता का आम्हाला?"

पंढरीच्या मनात पाल चुकचुकली. ह्याला काय पाहिजे? बोअर? बांध? पण त्याच वेळी छाती अशी फुगली की सांगता सोय नाही. साहेबराव पाटील आपल्या शेजारी बसणार, खांद्याला खांदा लावून, आपल्या गाडीत, सगळ्या गावादेखत! त्यानं दार उघडलं. पाटील धोतर सावरत आत बसला आणि चाकूरपर्यंत जाऊन येईस्तोवर एक शब्द बोलला नाही. फक्त हसत होता. मग असं चार वेळा झालं. पंढरी दर वेळी वाट बघायचा, की आता हा पोटातलं ओठावर आणेल. पाटील काही बोलायचाच नाही. त्यानं तर पंढरीचा संशय आणखीनच वाढायचा.

आणि वस्तीचा? विचारू नका. "गाडी पाटलानंच दिलीय," असं आता दगडोबा काका उघड म्हणायला लागला. "बोअर तिकडं सरकवायची बिदागी हाय ती."

सगळ्यात वाईट म्हणजे सरजाबाई, पंढरीची माय. तिनं गाडीत पाय ठेवला नाही. एकदाच तिनं लेकाला समोर बसवून विचारलं, "खरं सांग बाबा, कुणी दिली गाडी?"

पंढरीनं ह्या वेळी खरं सांगितलं. बेगम, पंप, कोंबड्या, सगळं. माय ऐकून घेत होती. मग म्हणाली, "काकाला तू दोस्ताची म्हणालास. मला बेगमची म्हणतूस. उद्या कुणाची म्हणशील?" आणि भाकरी थापायला उठली. पंढरीला इतका राग आला की तो जेवलाच नाही. आईनंही इश्वास ठेवू नये म्हणजे काय! तो तिच्याशी बोलायचा बंद झाला.

बोअर मारायचा दिवस उजाडला. रीतीप्रमाणं मिस्त्रीनं आधी जाऊन दगड उचलायचा, खालचा चुना बघायचा आणि मगच मशीन उभी करायची. पण त्या सकाळी पाटील आला होता. अहमदपूरला त्याच्या लेकीकडं जायचं होतं, लेकीला गाडी दाखवायची होती. पंढरीनं विचार केला, मशीन यायला दुपार होईल, तोवर येतो परत. येताना गाडी दोनदा उकळली. दुपार टळल्यावर तो वेशीत शिरला तेव्हा कॉम्प्रेसरचा आवाज गावभर घुमत होता. मशीन लवकर आली होती. वीरण्णांच्या माणसांनी दगड दिसला तिथं पाइप खाली सोडला होता.

दगड वस्तीच्या तोंडाशी होता. खालच्या गायरानात नव्हता.

पंढरी पळत गेला. ओरडून मशीन थांबवायला सांगितलं तोवर दोनशे फूट झाले होते. भोकातून नुसती पांढरी भुकटी उडत होती. बायकांच्या केसांवर, घागरींवर, सगळीकडं ती बसली. वीरण्णा मान हलवत म्हणाला, "एनप्पा, इथं कायबी न्हाई." कागदावर 'फेल' लिहिलं गेलं.

दगडोबा काका पंढरीपुढं थुंकला. "पाटलासंगं फिराया गेलास, आन् हिकडं आमचा बोअर बुडवलास," तो म्हणाला. पंढरी गेला तर होताच.

तो एकटाच गायरानात गेला. साहेबानं खूण केली होती तिथली माती बोटानं उकरली. चुना जागेवर होता. म्हणजे कुणीतरी नुसता दगड उचलून वर नेला होता. पाटलानं? पण पाटील कशाला वस्तीच्या दारात नेईल? तो बसूनच राहिला. तेवढ्यात मागून माय आली.

"म्याच नेला," ती म्हणाली.

"तू?"

"समदे दुष्काळी कामावर गेल्यावर नेला. म्हनलं, पाटलाच्या बांधाजवळ पानी लागलं तर उद्या त्योच मालक हुईल. तू त्याच्यासंगं फिरून राहिलास, मला तुझ्यावर इश्वास न्हवता बाबा. आपल्या दारात असावं म्हून नेला. चुन्याचं मला काय ठावं?" आणि ती तिथंच मातीत बसून रडायला लागली. पंढरीला आईवर ओरडायचं होतं. पण आपण सकाळी येऊन दगड उचलून बघितला असता तर हे झालंच नसतं, हे त्याला चांगलं कळत होतं. तोही रडला.

"वस्तीत सांगू नको," तो म्हणाला. "तुला जगू द्यायचे न्हाईत."

दुसऱ्या दिवशी तो वीरण्णांकडं गेला. वीरण्णांचा जीव त्या गाडीवर पहिल्या दिवसापासून होता. पंढरीनं किल्ली त्यांच्यापुढं ठेवली आणि म्हणाला, "अण्णा, मशीन घेऊन परत चला. चुन्यावर." वीरण्णानं किल्लीकडं बघितलं, पंढरीकडं बघितलं, आणि ड्रायव्हरला हाक मारली. पाणी एकशेदहा फुटांवर लागलं. असं उसळलं की वीरण्णांचं धोतर भिजलं. जुना हापसा वीरण्णांनीच कुठूनसा आणून बसवला. पाटील बांधावर येऊन उभा राहिला. पंढरीला वाटलं, आता बोलतो हक्काचं. पाटील इकडंतिकडं बघून म्हणाला, "गाडी न्हाई व्हय आज?" आणि खट्टू होऊन निघून गेला. त्या माणसाला खरंच फक्त गाडीत बसायचं होतं.

वस्ती पाणी प्यायला लागली आणि बोलायलाही लागली. "बघा, शेवटी बोअर पाटलाच्या बांधालाच मारला का न्हाई?" "चोरी केली नसती तर गाडी कशाला दिली असती? उघडं पडलं, म्हून दिली." पंढरीचं नाव निघालं की लोक अशा हसण्यानं हसायचे की ऐकवत नसे.

आठव्या दिवशी सरजाबाईला राहवलं नाही. हापशावर भर गर्दीत तिनं घागर खाली ठेवली आणि मोठ्यानं म्हणाली, "ऐका गं समद्या! दगड म्या हलवला. मपल्या लेकानं न्हाई. त्यानं गाडी दिली ती तुमच्या पान्यासाठी."

पंचफुला म्हणाली, "मायच हाय की गं ती. लेकराला पाठीशी घालणारच." आणि सगळ्या जणी पुन्हा पाणी भरायला लागल्या.

सरजाबाई अर्धी घागर घेऊन घरी आली. पंढरी चुलीपाशी भाकर खात होता. ती त्याच्यापुढं बसली.

"पंढरी, म्या खरं सांगितलं रं," ती म्हणाली. "एकीनं बी खरं मानलं न्हाई. उरात कसं तरीच व्हायलंय."

"हाव माय," पंढरी म्हणाला. "मला गाडी आणल्यापासनं असंच व्हायलंय."