थंड राखेची गल्ली

तोतारामला एक खोड होती. कुठलीही गोष्ट हात घालून बघितल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. धुळ्यात कचऱ्याची बैलगाडी हाकणाऱ्या माणसाला ही खोड म्हणजे जरा अतीच झालं.

१९३४ साली गाड्यांवर नवा इन्स्पेक्टर आला. आल्याआल्या त्याने फर्मान काढलं: पहिल्या गल्लीपासून पाचवीपर्यंत ओळीने जायचं आणि दहाच्या आत फेरी संपवायची. महिनाभर उशीर झाला तर यादीत टिपून ठेवलेला तोतारामचा थकलेला बैल लिलावात. असला बैल लिलावात कोण घेतो? खाटीक.

उशीर व्हायचा तो राखेपायी. पहिल्या गल्लीत शेतकऱ्यांची घरं. बाया पहाटेच भाकरी थापून माणसं शेतावर धाडत. गाडी दाराशी आली की मंजुळाबाई हटकून ओरडे, "थांब रे भाऊ, राख आजून गरम शे!" गरम राखेने एकदा गाडीची फळी जळालेली, त्यामुळे थांबणं आलंच.

मग कामाला लागण्याआधी तोताराम गल्लीगल्लीतून राखेत बोटं खुपसत हिंडू लागला. लोक हसले. हसेनात का! पाचव्या गल्लीत, केवलचंद शेठच्या दारी मात्र तो चाट पडला. पहाटेच राख गारेगार!

"माय, तुमनी राख इतली थंड कशी?" त्याने शेठच्या आईला, लाडकुंवरबाईंना विचारलं.

"ही सारी गल्ली आम्हा जैनांची रे. दिवस मावळायच्या आत जेवून मोकळे. मग उन्हं आल्याशिवाय चूल पेटत नाही."

दुसऱ्या दिवशी त्याने फेरी पाचवीपासून उलटी धरली. पहिल्या गल्लीत पोचेपर्यंत राख निवलेली. साडेनऊला गाडी रिकामी!

इन्स्पेक्टर भडकला. "उजळणी उलटी शिकलास का रे?"

"साहेब, गल्लीसले आकडा शेतस, राखले नही."

गल्ल्यांना आकडे असले तरी राखेला नसतात, हे साहेबाला पटेना. दुसऱ्या दिवशी सकाळीच तो स्वतः मंजुळाबाईच्या दारात आला, राखेत बोट घातलं आणि भाजलेलं तेच बोट तोंडात घालून कचेरीत परतला. पाठोपाठ तोताराम. साहेबाने लिलावाची यादी काढली आणि तिच्यातल्या एका ओळीवर काट मारली.

तोतारामला अक्षरओळख नव्हती. "कोनं नाव खोडं, साहेब? मनं का?"

"तुझं कशाला? बैलाचं. सुटला तो लिलावातून."

तोताराम तिथेच उकिडवा बसला आणि साऱ्या कचेरीदेखत ढसाढसा रडला.