भावोजींनी निवडलेलं मशीन

दुकानदाराने दोन वस्तू पुढे ठेवल्या की आमचे भावोजी आधी दोन्ही उचलून बघणार आणि जड असेल ती घेणार. कुलूप असो, तवा असो, नाहीतर छत्री. जन्मभर लोकांच्या कपड्यांना इस्त्री केलेल्या माणसाचं दुसरं काय शास्त्र असणार? "इस्त्री जड असली की काम तीच करते, माणसाने नुसती वाट दाखवायची." हे वाक्य त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलंय की ते आता माझ्याही तोंडात बसलंय.

त्यांचं दुकान म्हणजे एका इमारतीच्या जिन्याखालची जागा. एक टेबल, त्यावर जुन्या घोंगडीच्या घड्या, वरून पांढरी चादर, आणि मागे हँगरची रांग. एके काळी त्या रांगेमुळे मागची भिंत दिसत नसे. मग लोक न चुरगळणारे कपडे घालायला लागले, समोरच्या हॉटेलाने आपली धुलाई आपणच सुरू केली, आणि भिंत दिसायला लागली. त्यात इमारतीच्या मालकाला जिन्याखाली पाण्याचा पंप बसवायची हुक्की आली. दुष्काळात तेरावा महिना. ताई माझ्याशी बोलताना रडली वगैरे नाही. नुसती "आता कसं रे करायचं?" म्हणाली, आणि माझ्या हातातला घास हातातच राहिला.

मी गॅरेजात गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. आमच्या शेजारी गाड्या धुण्याचं सेंटर आहे. तिथल्या मालकाला पॉलिश करणारा माणूस हवा होता. मी भावोजींसाठी शब्द टाकला. तो म्हणाला, "मशीन त्यांचं त्यांनी आणायचं. आधी माझी गाडी करून दाखवू दे. जमली तर आतला कोपरा त्यांचा." भावोजींच्या वयाच्या माणसाला कुणी एवढं तरी म्हणतं का? त्या एका गाडीवर ताईचं घर टेकलं होतं.

आता प्रश्न मशीनचा. नवशिक्याने ड्युअल अ‍ॅक्शन पॉलिशर घ्यावा, एवढं गॅरेजात वावरून मला कळत होतं. त्याची चकती गोल फिरते आणि फिरता फिरता हिंदकळतेही. त्यामुळे एकाच जागी तापून रंग जळत नाही, चुकलेल्या हाताला माफी असते. पण वरून दाब दिला की चकती फिरायची थांबते आणि उरते ती नुसती थरथर. मी त्यांना बजावून सांगितलं, "भावोजी, लहान चकतीचं, हलकं मशीन घ्या. हात बसला की मोठ्याचं बघू." त्यांनी मान डोलावली. त्यांनी मान डोलावली की समजायचं, पालथ्या घड्यावर पाणी.

गिऱ्हाइकाने चालवून बघावं म्हणून मशीनच्या दुकानदाराने एक जुनं काळं बॉनेट टेबलावर आडवं ठेवलं होतं. उंची बरोबर कमरेएवढी. हलकं मशीन हातात घेतल्यावर भावोजींनी असं तोंड केलं की दुकानदार ओशाळला. मग त्यांनी सगळ्यांत जड, मोठ्या चकतीचं मशीन उचललं, बॉनेटवर ठेवलं, बटण दाबलं आणि चादरीवरून इस्त्री फिरवावी तसा हात सरळ नेला. जाळीसारखे बारीक ओरखडे दिसेनासे झाले. "वा काका!" दुकानदार म्हणाला. भावोजींनी माझ्याकडे बघितलं. किती महिन्यांनी त्यांचा चेहरा असा फुलला होता! मला बरं वाटलं, पण नजर त्यांच्या उजव्या खांद्याकडे गेली.

"गाडी टेबलावर झोपत नाही, भावोजी," मी म्हणालो. "दरवाजे उभे असतात. तिथे हे सगळं वजन हातावर तोलावं लागेल."

"मेव्हणे, तुम्ही आपल्या वायरी जोडा. फिरवायचं काय ते आम्हाला कळतं."

त्यांचा उजवा खांदा केव्हाच कामातून गेलाय. शर्ट घालताना ताई बाही धरते, तेव्हा कुठे हात आत जातो. हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्याबद्दल बोलायचं नसतं, हेही ठाऊक आहे. दुकानदारासमोर तो विषय काढला असता तर त्यांनी पुन्हा माझं तोंड बघितलं नसतं. ताईने साठवलेलं होतं-नव्हतं ते देऊन जड मशीन घरी आलं. वापरलेलं परत घेणार नाही, हे दुकानदाराने आधीच सांगितलं होतं.

सेंटरवर भावोजी कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले. बॉनेटपासून सुरुवात केली. खोटं कशाला बोलू, असं बॉनेट मी आमच्या गॅरेजातही बघितलं नव्हतं. मालकाने वाकून त्यात स्वतःचे दात बघितले आणि हसला. मीही हसलो. मला वाटलं, जमलं बहुतेक.

मग दरवाजा आला. मशीन आडवं धरून दरवाज्याला लावलं तसा त्यांचा उजवा खांदा खचला. ते तोलायचं कसं? त्यांनी अंगाचा भार टाकून ते दरवाज्यात रेटलं. चकती थांबली. मशीन नुसतंच गुरगुरत राहिलं.

"दाबू नका, भावोजी! सैल सोडा."

"सोडतोय की."

सोडत नव्हते. सोडलं तर मशीन खाली येत होतं, आणि धरलं तर चकती अडत होती. डाव्या हाताने त्यांनी उजवं कोपर धरलं, ओठ चावला, पुन्हा लावलं. दरवाज्यावर पॉलिशच्या औषधाचा पांढुरका राडा वाळत चालला. मी पुढे होऊन मशीनला खालून आधार दिला तेव्हा मालकाने पंख्याखालची खुर्ची सोडली आणि जवळ आला. माणूस वाईट नव्हता. "एका दरवाज्याला दोन माणसं मला कशी परवडतील, काका?" तो हळूच म्हणाला. "बॉनेट मात्र सुरेख झालंय हं. उरलेलं माझी पोरं करतील."

आम्ही बाहेर येऊन पायरीवर बसलो. मला त्यांचा असा संताप आला होता की तोंड उघडलं असतं तर नातं तुटलं असतं. आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं.

"बॉनेट चांगलं झालं होतं ना?" त्यांनी विचारलं.

"झालं होतं."

"इथे अशाही गाड्या येत असतील, फक्त बॉनेट करून हवं असणाऱ्या."

"नाही येत, भावोजी."

चकतीवरचा वाळका राडा त्यांनी नखाने खरवडला. मग म्हणाले, "गाडीचा टपही सपाट असतो, मेव्हणे."

"टपापर्यंत हात वर जायला हवा ना," मी म्हणालो.

त्यांनी डाव्या हाताने मशीन उचललं आणि उठले.

"तुमच्या ताईला काय सांगू?" त्यांनी विचारलं.