दिल्लीचे दोन कागद

सत्तावन्न सालच्या निवडणुकीत आमच्या मतदारसंघातून दिल्लीला दोन माणसं जायची होती. एक सर्वसाधारण जागेवर, एक राखीव. म्हणून विधानसभेचा एक कागद झाला की लोकसभेचे दोन कागद हातात पडायचे. तेव्हा शिक्का मारायचा नसे. पडद्याआड प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे, तिच्यावर त्याचं चित्र, आणि हव्या त्या पेटीत कागद टाकायचा. अट एकच होती. दोन्ही कागद एकाच पेटीत टाकले, तर एक बाद.

लालबागच्या आमच्या चाळीतल्या बायकांच्या डोक्यात ही अट उतरवायचं काम मी अंगावर घेतलं होतं. एकोणीस वर्षांची होते, सातवी पास होते, आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. वनस्पती तुपाच्या दोन रिकाम्या डब्यांना खाचा पाडल्या. एकावर खडूनं कणीस काढलं, दुसऱ्यावर हत्ती. ही मुंबईसह महाराष्ट्र मागणाऱ्या आमच्या बाजूची दोन चित्रं. दुपारी गॅलरीत बायका जमायच्या आणि मी एकेकीकडून कागद टाकून घ्यायचे. हत्तीच्या डब्यात कागद टाकताना काही जणी नाक मुरडायच्या, कारण राखीव जागेचा उमेदवार पलीकडच्या चाळीतल्या लोकांचा, बौद्धांचा. मी त्यांना झापायचे. मुंबई हवी ना, मग हत्तीही हवा, असं म्हणायचे.

एका बाईकडून मात्र मी एकदाही कागद टाकून घेतला नाही. ती आत चुलीपुढे खानावळीच्या भाकऱ्या थापत असायची. आईला ऐकू जातंय, मग वेगळं काय सांगायचं, असं मी धरून चालले. खरं सांगायचं तर तिच्याशी निवडणुकीचं बोलायचं धाडस मला नव्हतं. आदल्या वर्षी मुंबईसाठी रस्त्यावर उतरलेल्या माणसांवर गोळ्या झाडल्या, त्यात माझा भाऊ गेला. बावीस वर्षांचा होता. वडील लहानपणीच गेलेले, तेव्हा घरात कमावता पुरुष तो एकटाच.

तो गिरणीत मागावर होता. त्याचा जिवाभावाचा मित्र पलीकडच्या चाळीतला, सूतकताईच्या साच्यावर. मागखात्यात त्याच्या जातीला घेत नसत. हा मित्र आमच्याकडे यायचा तेव्हा दाराबाहेर बसायचा आणि आई त्याला कोनाड्यातल्या वेगळ्या कपात चहा द्यायची. त्या दिवशी माझ्या भावाला खांद्यावर टाकून हॉस्पिटलपर्यंत पळाला तो हाच. बाकीचे पांगले होते. संध्याकाळी तो निरोप घेऊन आला, सदरा रक्तानं कडक झालेला. आईनं तो कप कोनाड्यातून काढला आणि मोरीत आपटून फोडला. त्यानंतर तो आत बसून आमच्याच कपात चहा प्यायचा.

मतदानाच्या दिवशी आई नऊवारी नेसून सगळ्यांच्या आधी तयार. केंद्र म्युनिसिपालिटीच्या शाळेत होतं. टेबलावरच्या माणसानं यादीत तिचं नाव शोधून वाचलं, आणि खालच्या ओळीवरचं नावही वाचलं. ते भावाचं होतं. याद्या जुन्या, कुणी ते काढलंच नव्हतं.

"आणि हे? हे नाही आले?"

"तो येवचो नाय," आई म्हणाली. "मी इलंय मा."

त्या माणसानं मान हलवली आणि लोकसभेचे दोन कागद तिच्या हातात ठेवले. मी दारात उभी होते, सगळं बघत होते, आणि माझ्या डोक्यात काहीही आलं नाही.

बाहेर आली ती कित्येक महिन्यांनी चेहरा उजळलेली. माझा हात धरून म्हणाली, "दोनय कागद हत्तीत घातलंय. एक माझा, एक तेचा. जेणा तेका खांद्यार नेल्यान, तेच्याच मानसाक तो देतलो होतो. मोजतले मा गो?"

शंभर बायकांना शिकवलं होतं मी. अख्ख्या चाळीचा एकही कागद वाया गेला नसेल, आणि माझ्या आईनं माझ्या भावाचा म्हणून टाकलेला कागद बाद होणार होता.

"मोजतील," मी म्हटलं.

आमचे दोघेही निवडून आले. भावाचा मित्र गुलालानं माखलेला, पाया पडायला आला, तेव्हा आई त्याला म्हणाली, "तेचाय मत होता हां तुमका." त्यानं माझ्याकडे बघितलं. नियम त्यालाही पाठ होता. मग तो वाकून आईच्या पाया पडला. पुढे महाराष्ट्र झाला, मुंबई आपल्याला मिळाली. चाळीत पेढे वाटले, रोषणाई झाली. आई आत भाकऱ्या थापत होती आणि भावाच्या फोटोला सांगत होती की तुझ्या मतानं मुंबई आली बघ. मी ते ऐकायचे आणि उठून नळावर जायचे. आज सांगते, मला तिचा रागही यायचा.

बासष्ट साली दोन माणसांचे मतदारसंघ मोडीत निघाले होते. याद्याही नव्या केल्या होत्या. आता दिल्लीला एकच माणूस, कागदही एकच. आईला हेही मी सांगितलं नाही. पाच वर्षं गेली होती, ती विसरली असेल असं मी मनाला समजावलं.

ती टेबलापुढून हलेना. "दिल्लीचो दुसरो कागद?" टेबलावरच्या बाईनं सांगितलं, आजी, एकच असतो. आईनं खालची ओळ वाचायला लावली. तिथं शेजारच्या खोलीतल्या माणसाचं नाव होतं.

मत न देताच ती बाहेर आली आणि शाळेच्या पायरीवर बसली.

"तेचा नाव काढल्यानी," ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, "तेव्हाचा तरी मोजल्यानी मा?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि मला रडू फुटलं. आईनं माझ्याकडे बघितलं. तिनं पुन्हा विचारलं नाही, त्या दिवशीही नाही आणि मरेपर्यंतही नाही.